कोनमापकाविना कोन

स्वयंपाकघरात एल आकाराचा ओटा बांधायचा असतो. ग्रॅनाइट कापायला देण्याआधी गवंडी कोपऱ्यात लोखंडी गुण्या लावून बघतो आणि म्हणतो, "काका, भिंत गुण्यात नाही." एवढं सांगून तो मोकळा होतो. घरमालकाला मात्र पुढचा प्रश्न छळतो. गुण्यात नाही म्हणजे किती नाही? अर्धा अंश, दोन अंश की पाच? कंपासपेटीतला कोनमापक तळहाताएवढा. तो कोपऱ्यात धरून अंश वाचायला जावं, तर प्लास्टरच्या एका फुगवट्यानं उत्तर बदलतं. घरात हमखास सापडते ती टेप, आणि टेप लांबी सांगते, कोन सांगत नाही.

मग नुसत्या लांब्यांवरून कोन काढता येईल का? शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस हे विचारतो, फर्निचर करणारा विचारतो आणि दहावीतला विद्यार्थीही विचारतो. काढता येतो, आणि त्याला लागणारं गणित शाळेच्या पलीकडचं नाही. पुस्तकं मात्र सूत्र आधी देतात, कारण मागाहून देतात, कधी कधी देतच नाहीत. आपण उलट्या वाटेनं जाऊ. सूत्र सहाव्या भागात येईल. तोवर ते तुम्हाला बहुधा आपलं आपणच सुचलेलं असेल.

१. तीन काठ्या हलत नाहीत

बांबूच्या चार काठ्या टोकाला टोक बांधून चौकट करा आणि एका कोपऱ्याला ढकला. चौकट लगेच तिरपी होते. काठ्यांच्या लांब्या त्याच राहतात, कोन बदलतात. आता तीन काठ्यांचा त्रिकोण बांधा आणि ढकलून बघा. काठी मोडेल, पण कोन हलणार नाही. एकरूपतेच्या धड्यात आपण 'बाबाबा कसोटी' घोकलेली असते, बाजू-बाजू-बाजू. तिचा व्यवहारातला अर्थ हाच. पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणांनी भरलेली असते ती याच कारणानं, आणि लाकडी फाटकावर सुतार एक तिरकी पट्टी ठोकतो तीही याच कारणानं.

जागेच्या व्यवहारात हे विसरलं जातं. प्लॉटच्या चारही बाजू तेहतीस-तेहतीस फूट आहेत असं कोणी सांगितलं, की ऐकणारा "म्हणजे एक गुंठा" म्हणून मान डोलावतो. चारही कोपरे काटकोनात असतील तर ते खरं आहे: ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. पण तीच चौकट ढकलून एक कोन ६० अंशांचा केला, तर बाजू तेवढ्याच राहून क्षेत्र ९४३ चौरस फुटांवर येतं. जवळजवळ दीडशे चौरस फूट कुठे गेले ते चार बाजूंवरून कधीच कळणार नाही. एक कर्ण मोजला, की चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि सगळं ठरतं. साखळीनं जमीन मोजण्याची जुनी पद्धत यावरच उभी होती. तिच्यात कोन मोजतच नसत. जमिनीचे त्रिकोण पाडायचे आणि प्रत्येकाच्या तिन्ही बाजू मोजायच्या.

तीन लांब्या ठरल्या की तिन्ही कोन ठरलेच. ते वर काढायचं काम तेवढं उरतं. अंशभर चूक चालणार असेल तर सोपा उपाय आहे. परकार घेऊन तोच त्रिकोण कागदावर लहान प्रमाणात काढा आणि त्यावर कोनमापक लावा. मग पुढचं वाचायची गरज नाही.

२. तीन-चार-पाच

घराचं लाइन आउट करताना गवंडी एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करतो, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. तिनाचा वर्ग ९, चाराचा १६, बेरीज २५, म्हणजे पाचाचा वर्ग. हे पायथागोरसचं प्रमेय. बौधायनाच्या शुल्बसूत्रात हाच नियम आयताच्या कर्णाच्या रूपानं आलेला आहे. वेदी बांधणाऱ्यांनाही काटकोन लागायचाच.

दारावरून यातली पुढची गोष्ट लक्षात येते. दाराची झडप बिजागरीभोवती फिरते, तेव्हा झडपेची रुंदी बदलत नाही, चौकटीची रुंदी बदलत नाही, पण झडपेच्या मोकळ्या कडेचं चौकटीपासूनचं अंतर वाढत जातं. दार जेवढं उघडं, तेवढं अंतर जास्त. आपल्या कोपऱ्याचंही तसंच. तीन फूट आणि चार फूट या दोन बाजू पक्क्या. कोपरा उघडला की तिरकं अंतर पाचाच्या वर जातं, मिटला की पाचाच्या खाली येतं. तेव्हा टेपवर ५ फूट १ इंच आले तर कोपरा ९० अंशांपेक्षा मोठा, म्हणजे विशालकोन. ४ फूट ११ इंच आले तर लघुकोन.

गवंड्याला एवढं पुरतं. तो दोरी सरकवू शकतो. उभी राहिलेली भिंत सरकत नाही, म्हणून आपल्याला आकडा हवा.

३. लंब कुठे पडतो?

काटकोन त्रिकोण आपल्याला चांगला कळतो. वाटेल तो त्रिकोण समोर आला की अडतं. मग त्याचेच दोन काटकोन त्रिकोण करून टाकावेत, म्हणजे शिरोबिंदूतून पायावर लंब टाकावा. अडचण एकच: लंब पायावर नेमका कुठे पडतो?

या प्रश्नाचं अतिशय देखणं उत्तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. ग्रंथ ११५० सालचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापला, आणि त्याविषयीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लंब जिथे पडतो तिथे पायाचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्यांना भास्कराचार्य 'आबाधा' म्हणतात. ब्रह्मगुप्तानं पाच शतकं आधी, ६२८ साली, आबाधा काढण्याचा नियम दिलेला होता. भास्कराचार्यांनी तो अशा उदाहरणांनी सजवला की ती उदाहरणं आजही जशीच्या तशी वापरावीत.

त्यांचं पहिलं उदाहरण घेऊ. पाया १४, बाजू १३ आणि १५. नियम असा: दोन बाजूंची बेरीज घ्या, त्यांच्या फरकानं गुणा, पायानं भागा. जे येईल ते पायातून वजा करून निम्मं करा, ही लहान आबाधा. तेच पायात मिळवून निम्मं करा, ही मोठी आबाधा.

बेरीज २८, फरक २, गुणाकार ५६. चौदानं भागले, ४ आले. चौदातून ४ गेले १०, निम्मे ५. चौदात ४ मिळवले १८, निम्मे ९. म्हणजे लंब पायाचे ५ आणि ९ असे तुकडे करतो. लहान बाजूकडे लहान तुकडा.

नियम का चालतो, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. लंबाच्या डावीकडे एक काटकोन त्रिकोण आहे, त्याचा कर्ण १३. उजवीकडे दुसरा, कर्ण १५. लंब दोघांचा एकच. डावीकडून लंबाचा वर्ग म्हणजे १३ चा वर्ग वजा लहान तुकड्याचा वर्ग. उजवीकडून तोच वर्ग म्हणजे १५ चा वर्ग वजा मोठ्या तुकड्याचा वर्ग. दोन्ही सारखे, म्हणून तुकड्यांच्या वर्गांतला फरक हा बाजूंच्या वर्गांतल्या फरकाएवढाच असणार: २२५ वजा १६९, म्हणजे ५६. आता वर्गांतला फरक हा नेहमी बेरीज गुणिले फरक असतो. तुकड्यांची बेरीज तर आपल्याला ठाऊकच आहे, सगळा पाया, १४. मग त्यांचा फरक ५६ भागिले १४, म्हणजे ४. बेरीज १४ आणि फरक ४ असलेल्या दोन संख्या चौथीतला मुलगाही सांगेल.

लंब किती, तेही निघालं. १६९ वजा २५ म्हणजे १४४, लंब १२. क्षेत्रफळ ७ गुणिले १२, ८४. भास्कराचार्यांना इथे लंब आणि क्षेत्रफळ हवं होतं, कोन नव्हे. कोनाचं पाऊल आपण टाकायचं आहे, आणि ते फार छोटं आहे.

४. आबाधेपासून कोनापर्यंत

डावीकडच्या त्रिकोणात १३ लांबीची तिरकी बाजू पायावर ५ एवढीच लांबी व्यापते. तिरक्या बाजूपैकी किती भाग पायावर उतरतो, या गुणोत्तराला कोनाची कोज्या म्हणतात. शाळेत आता कोसाइन म्हणतात, तेच. इथे ते ५ भागिले १३, म्हणजे ०.३८४६.

बाजू पायावर आडवी पडली तर ती सगळीच्या सगळी पायावर उतरते: कोन शून्य, कोसाइन १. बाजू ताठ उभी राहिली तर पायावर काहीच उतरत नाही: कोन ९० अंश, कोसाइन ०. मधला हिशोब सरळ रेषेत चालत नाही, आणि इथे पुष्कळजण फसतात. कोसाइन अर्धं झालं म्हणजे कोन ४५ अंश, असं वाटतं. ते ६० अंशांना अर्धं होतं. ४५ अंशांचं कोसाइन ०.७०७१ आहे. सुरुवातीचे अंश कोसाइन अगदी सावकाश खाली येतं: १० अंशांना ते अजून ०.९८४८ असतं. नव्वदीच्या आसपास मात्र दर अंशाला जवळपास ०.०१७५ नं घसरतं. हा स्वभाव लक्षात ठेवा, शेवटच्या भागात त्याचा त्रास होणार आहे.

गुणोत्तरावरून कोन काढायला पूर्वी कोष्टकं लागत. आर्यभटानं ४९९ साली 'ज्यां'ची, म्हणजे आजच्या साइनची, जी यादी दिली, तिच्यात ३ अंश ४५ कलांच्या पायरीनं चोवीस किमती आहेत. मधलं सगळं त्रैराशिकानं भरून काढायचं. आता फोन आडवा धरला की शास्त्रीय कॅल्क्युलेटर उघडतो. त्यावर कॉस लिहिलेलं आणि वर बारीक 'उणे एक' असलेलं बटण असतं. तो 'उणे एक' घातांक नव्हे. 'या कोसाइनचा कोन सांग' एवढाच त्याचा अर्थ. ०.३८४६ दिले की ६७.३८ येतात. १.१७६ आले तर घाबरू नका, यंत्र रेडियनमध्ये आहे. अंशांवर आणा आणि पुन्हा दाबा.

पायाच्या दुसऱ्या टोकाला ९ भागिले १५, म्हणजे ०.६, कोन ५३.१३ अंश. तिसरा कोन काढायला काहीच करायला नको. तिन्हींची बेरीज १८०, म्हणून तो ५९.४९.

५. लंब बाहेर पडला तर?

आता भास्कराचार्यांचं दुसरं उदाहरण. पाया ९, बाजू १० आणि १७. नियम तोच. बेरीज २७, फरक ७, गुणाकार १८९, नवानं भागले २१. आता पायातून २१ वजा करायचे. नवातून एकवीस जात नाहीत.

मग भास्कराचार्य उलट एकवीसातून नऊ वजा करतात आणि उरलेल्याच्या निम्म्याला ऋण म्हणतात. आजच्या भाषेत तेच: नऊ वजा एकवीस, उणे बारा. निम्मे उणे सहा. लहान आबाधा उणे ६ आली. दुसरी आबाधा ९ अधिक २१ भागिले दोन, १५. आणि ऋण आबाधेचा अर्थ ते स्पष्ट देतात: ती विरुद्ध दिशेला आहे. म्हणजे लंब पायावर पडलेलाच नाही. पाया डावीकडे सहा एककं वाढवला तर लंब तिथे येऊन टेकतो. पडताळा घ्या: दहाचा वर्ग १००, त्यातून ३६ गेले, ६४, लंब ८. दुसऱ्या बाजूनं १७ चा वर्ग २८९, त्यातून २२५ गेले, पुन्हा ६४. जुळलं.

युरोपात ऋण संख्यांना 'खोट्या' म्हणून नाकं मुरडणारे गणिती त्यानंतर कितीतरी शतकं होते. इथे बाराव्या शतकात ऋण उत्तर टाकून न देता ते आकृतीवर कुठे दाखवायचं, हे शांतपणे सांगितलेलं आहे. मला हे उदाहरण पहिल्यापेक्षा जास्त आवडतं ते यासाठी.

कोन काढायला वेगळं काही लागत नाही. उणे ६ भागिले १० म्हणजे उणे ०.६. कॅल्क्युलेटर सांगतो १२६.८७ अंश. कोसाइन ऋण आलं की कोन ९० च्या वर, हा नियम पाठ करण्याचा विषयच नाही. कोपरा नव्वदीपेक्षा जास्त उघडला की बाजू मागे झुकते आणि लंब बाहेर पडतो, म्हणून ते ऋण येतं.

६. आता सूत्र

कोपऱ्याला लागून असलेल्या दोन बाजू अ आणि ब, कोपऱ्याच्या समोरची बाजू क. ब हा पाया धरा. वरच्याच नियमानं कोपऱ्याकडची आबाधा लिहिली आणि तिला अ नं भागलं, की राहतं ते असं:

कोसाइन = (अ² + ब² − क²) ÷ (२ × अ × ब)

लागून असलेल्या बाजूंच्या वर्गांची बेरीज करा, समोरच्या बाजूचा वर्ग वजा करा, आणि त्याच दोन बाजूंच्या दुप्पट गुणाकारानं भागा. अंशस्थानी जे उरतं ते म्हणजे पायथागोरसचा हिशोब किती चुकला, त्याचं माप. काही न उरलं तर काटकोन. धन उरलं तर लघुकोन, ऋण उरलं तर विशालकोन. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या दुसऱ्या पुस्तकात बारावं आणि तेरावं विधान नेमकं हेच सांगतात, एक विशालकोनासाठी आणि एक लघुकोनासाठी. कोसाइन तिथे नाही, सगळं चौरस आणि आयतांच्या भाषेत आहे. पंधराव्या शतकात समरकंदच्या अल-काशीनं ते त्रिकोणमितीत आणलं. फ्रान्समधली शाळकरी मुलं आजही याला अल-काशीचं प्रमेय म्हणतात.

आता ओट्याकडे वळू. कोपऱ्यापासून ३ फूट, म्हणजे ३६ इंच, आणि ४ फूट, म्हणजे ४८ इंच, अशा खुणा केल्या. तिरकं अंतर ५ फूट १ इंच आलं, ६१ इंच.

३६ चा वर्ग १२९६, ४८ चा २३०४, बेरीज ३६००. ६१ चा वर्ग ३७२१. वजाबाकी उणे १२१. दुप्पट गुणाकार ३४५६. भागाकार उणे ०.०३५०. कोन ९२.० अंश.

एका इंचाला दोन अंश. तिरकं अंतर ५९ इंच आलं असतं तर उत्तर ८८.० आलं असतं. ६२ आलं असतं तर ९४ च्या किंचित वर. तेव्हा तीन-चार-पाच फुटांच्या त्रिकोणात पाचाच्या वर किंवा खाली जेवढे इंच, त्याची दुप्पट तेवढे अंश, असा तोंडी हिशोब करता येतो. सुतार आणि फॅब्रिकेटर इंचाचे आठ सूत धरतात. त्या भाषेत एक सूत म्हणजे पाव अंश. सहा-आठ-दहा फुटांचा मोठा त्रिकोण घेतला तर एक इंच म्हणजे एकच अंश, म्हणजे टेप तेवढीच चुकली तरी कोन निम्माच चुकतो. जागा असेल तर मोठाच त्रिकोण घ्यावा.

दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. दहा फुटांच्या भिंतीवर ते ४ इंचांपेक्षा थोडे जास्त होतात. फरशीची पहिली ओळ एका भिंतीला धरून लावली, तर दुसऱ्या भिंतीशी पोहोचेपर्यंत कापायची पट्टी एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला शून्य. ग्रॅनाइट गुण्यात कापून आणला तर मागे तेवढीच पाचर उघडी राहते, आणि ती सिमेंटनं भरलेली पाचर पुढची वीस वर्षं डोळ्यात खुपते.

७. जो त्रिकोण होतच नाही

बाजू ३, ४ आणि ८ घेऊन सर्वांत मोठा कोन काढून बघा. ९ अधिक १६ वजा ६४ म्हणजे उणे ३९. भागिले २४, उणे १.६२५. कॅल्क्युलेटर 'एरर' दाखवतो, आणि बरोबर दाखवतो. पायावर उतरलेला भाग मूळ बाजूपेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन लहान बाजू मिळून सातच होतात, आठापर्यंत पोहोचतच नाहीत. मोजमाप घेताना कुठेतरी आकडा चुकलेला आहे, एवढा त्याचा अर्थ.

'लीलावती'त असल्या प्रश्नांनाही जागा आहे. ३, ६ आणि ९ बाजूंचा त्रिकोण विचारणाऱ्याला भास्कराचार्य धृष्ट म्हणतात आणि ते क्षेत्रच नव्हे असं बजावतात. पटवून देण्याची त्यांची रीत गणिती नाही, थेट हाताची आहे: तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवा. आपलं सूत्र तेच सांगतं. ९ अधिक ३६ वजा ८१, उणे ३६. भागिले ३६, उणे १. कोन १८० अंश, म्हणजे सपाट रेषा.

इथे एक मजा बघण्यासारखी आहे. ९ च्या जागी ८.९ घाला. कोन १८० वरून सुमारे १६२ वर येतो. एक दशांश लांबी आणि अठरा अंश! जवळजवळ सपाट झालेल्या त्रिकोणात टेपची जराशी चूक कोनात भयंकर मोठी होऊन येते. साखळी सर्वेक्षणाची पाठ्यपुस्तकं म्हणूनच बजावतात, की त्रिकोणाचा कोणताही कोन ३० अंशांहून लहान किंवा १२० अंशांहून मोठा नसावा.

८. कोन सोपा की लांबी सोपी?

दोनशे वर्षांपूर्वी देश मोजायला निघालेल्या माणसानं लांबीवरून कोन काढण्याचा प्रश्न विचारलाच नसता. १८०२ साली विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची एक रेषा साखळीनं मोजली, आणि तिथून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात झाली. जंगल, नदी, डोंगर ओलांडत साखळी नेणं महाकर्मकठीण. डोंगरमाथ्यावरून दुसरा डोंगरमाथा दुर्बिणीत धरून कोन वाचणं त्यामानानं सोपं. 'त्यामानानं' हे महत्त्वाचं, कारण कोन वाचायचं थिओडोलाइट यंत्रच अर्ध्या टनाचं होतं. मग एक बाजू मोजायची, कोन वाचायचे आणि बाकीच्या बाजू गणितानं काढायच्या, अशी त्रिकोणांची साखळी पुढे पुढे सरकत गेली. १८२३ मध्ये नागपूरकडे जाताना हिंगणघाटला लॅम्बटन वारला. त्याची कबर तिथेच आहे.

आज चित्र उलटं आहे. प्रकाश जाऊन परत येण्यावरून अंतर क्षणात कळतं. उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रंही मुळात अंतरंच मोजतात. लांबी स्वस्त झाली, आणि म्हणून लांबीवरून कोन काढण्याला भाव आला.

मुंबई, पुणे आणि नाशिकला वर्तमानपत्रं 'सुवर्ण त्रिकोण' म्हणतात. हा त्रिकोण आहे तरी कसा? नकाशाच्या ॲपवर सरळ रेषेतली अंतरं काढली तर मुंबई-पुणे साधारण १२० किलोमीटर, मुंबई-नाशिक १४०, पुणे-नाशिक १६४. मुंबईचा कोन: १४४०० अधिक १९६०० वजा २६८९६, म्हणजे ७१०४; भागिले ३३६००, ०.२११४. कोन सुमारे ७८ अंश. पुण्याचा साडेछप्पन्न, नाशिकचा साडेपंचेचाळीस. बरा सुबक त्रिकोण आहे. सर्वेक्षकानं नाक मुरडावं असं त्यात काही नाही.

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदाचं सूत्र इथे कसं चाललं, असं कोणी विचारेल. गोलावर काढलेल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा खरोखरच थोडी जास्त भरते. एवढ्या त्रिकोणात ती वाढ अंशाच्या ऐंशीव्या भागाएवढीही नाही. आपण किलोमीटरच्या खाली जात नाही, आपल्याला फरक पडत नाही. लॅम्बटन आणि त्याच्यामागून आलेले मात्र ही वाढ हिशोबात धरत.

९. निमुळते त्रिकोण

कोसाइन सुरुवातीला सावकाश उतरतं, हे चौथ्या भागात आलं. त्याचा त्रास इथे होतो. वाटण्या होता होता जमिनीचा असा एखादा तुकडा उरतो, की दोन बाजू शंभर-शंभर मीटर आणि टोकाशी रुंदी फक्त एक मीटर. टोकाचा कोन काढा. १०००० अधिक १०००० वजा १, भागिले २००००, म्हणजे ०.९९९९५. सगळे आकडे ठेवले तर कोन ०.५७३ अंश. पण कोणी कागदावर चार दशांशस्थळांपर्यंतच लिहिलं, तर ०.९९९९ धरून ०.८१ अंश येतात आणि १.०००० धरून शून्य. तुकडा एक तर जवळजवळ दीडपट रुंद झाला, नाहीतर नाहीसाच झाला.

दोन बाजू सारख्या असतील तर मधोमध लंब टाकून मोकळं व्हावं. अर्धी रुंदी ०.५, भागिले १००, ०.००५. हे अर्ध्या कोनाचं साइन. त्यावरून ०.२८६५ अंश, दुप्पट ०.५७३. वजाबाकीच नाही, त्यामुळे आकडे हरवण्याचा प्रश्न येत नाही.

बाजू सारख्या नसतील तर लॉगटेबलच्या काळातल्या माणसांचा एक रस्ता आहे. त्यांना बेरीज-वजाबाकीने भरलेलं वरचं सूत्र सोयीचं नव्हतं, कारण लॉग गुणाकार-भागाकाराला उपयोगी पडतो. ते परिमितीच्या निमपटीतून, म्हणजे अर्धपरिमितीतून, एकेक बाजू वजा करून ठेवत. १३-१४-१५ वरच करून बघू. परिमिती ४२, निमपट २१. त्यातून १३ गेले ८, १४ गेले ७, १५ गेले ६. १३ आणि १४ यांच्यामधला कोन हवा आहे, तर त्या दोन बाजूंच्या उरलेल्या संख्यांचा गुणाकार वर: ८ गुणिले ७, ५६. खाली निमपट गुणिले समोरच्या बाजूची उरलेली संख्या: २१ गुणिले ६, १२६. भागाकार ०.४४४४, वर्गमूळ ०.६६६७, म्हणजे चक्क दोन तृतीयांश. हे अर्ध्या कोनाचं टॅन. त्यावरून ३३.६९ अंश, दुप्पट ६७.३८.